तिसऱ्या रांगेत कोण बसणार? सात आसनी विजेच्या मोटारींची कौटुंबिक तपासणी

दिवाळी सरली, की पूर्व विदर्भात मंडईचे दिवस सुरू होतात. भंडारा शहर ओलांडून वैनगंगेचा पूल पार केला, की पैलतीरावर कारधा लागते. नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरांत स्थिरावलेली या परिसरातील माणसे मंडईच्या निमित्ताने गावी येतात आणि एरवी चौघांचे असलेले कुटुंब चार-सहा दिवस सात-आठ जणांचे होते. आजी, आजोबा, दोन जोडपी, मुले असा सारा गोतावळा दंडार पाहायला शेजारच्या गावी निघतो, कधी नागझिऱ्याला जातो, कधी आंभोऱ्याच्या संगमावर. त्या वेळी घरातील पाच आसनी मोटार अपुरी पडते आणि ‘आता मोठी गाडी घेऊच’ हा विषय पुन्हा एकदा निघतो. गेली दोन-तीन वर्षे त्या विषयाला एक नवे शेपूट जोडले गेले आहे. ते म्हणजे, ‘घ्यायचीच तर विजेवरची का नको?’

हा प्रश्न २०२४ पर्यंत सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक होता. तीन रांगांच्या विजेच्या मोटारी होत्या, परंतु त्यांची किंमत ऐकूनच संभाषण संपत असे. आज परिस्थिती निराळी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीची ईमॅक्स ७ भारतात २६ लाख ९० हजार रुपयांपासून विक्रीस आली. जुलै २०२५ मध्ये कियाची कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही १७ लाख ९९ हजारांपासून दाखल झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महिंद्राने एक्सईव्ही ९ एस ही सात आसनी मोटार १९ लाख ९५ हजार या प्रारंभिक किमतीस सादर केली. (या सर्व किमती पदार्पणाच्या वेळच्या, शोरूमच्या दारातल्या आहेत.) त्यामुळे तुलना करण्याजोगे काहीतरी प्रथमच हाती आले आहे.

तथापि या तुलनेची सुरुवातच बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकापासून होते. एका चार्जमध्ये किती किलोमीटर, शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, पडदे किती इंची, ही टिपणे पहिल्या रांगेत बसणाऱ्याच्या उपयोगाची. सात आसनी मोटारीसाठी आपण जे चार-पाच लाख रुपये अधिक मोजतो, ते केवळ तिसऱ्या रांगेसाठी मोजतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच असावयास हवा, की त्या रांगेत घरातले नेमके कोण बसणार आहे आणि किती वेळ बसणार आहे?

जमीन वर येते, गुडघेही वर येतात

विजेच्या मोटारीत तिसऱ्या रांगेची अडचण पेट्रोल-डिझेलच्या गाडीहून थोडी वेगळी असते, आणि तिचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. बॅटरी ही एक रुंद, सपाट पेटी असते आणि ती दोन्ही आसांच्या मधोमध, बसणाऱ्यांच्या पायांखाली बसवलेली असते. या पेटीच्या जाडीएवढी गाडीच्या आतली जमीन वर सरकते. छत मात्र फार उंच नेता येत नाही, कारण गाडी जितकी उंच तितका वारा अधिक अडतो आणि चार्ज लवकर संपतो. मग आसन जमिनीच्या जवळ ठेवावे लागते. परिणाम असा, की माणूस खुर्चीवर बसल्यासारखा न बसता पाटावर बसल्यासारखा बसतो. मांड्यांना आधार मिळत नाही आणि गुडघे छातीच्या दिशेने येतात. दहा वर्षांच्या मुलाला याचे काही वाटत नाही. गुडघेदुखीच्या आजीला कारधा ते नागपूर हे पासष्ट किलोमीटरही जड जातात.

या कसोटीवर तिन्ही गाड्यांचे स्वभाव वेगळे दिसतात. कियाची लांबी ४,५५० मिलिमीटर, म्हणजे तिघींत सर्वांत कमी. परंतु तिचा सांगाडा मुळातच प्रवासी वाहून नेण्यासाठी आखलेला आहे. तिला कोणी ‘एसयूव्ही’ म्हणो वा न म्हणो, आजीला त्याच्याशी कर्तव्य नाही. दुसऱ्या रांगेतील डावीकडचे आसन बटण दाबताच पुढे उलथते आणि मागे जाण्यास बऱ्यापैकी रुंद वाट मिळते. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते, त्यामुळे ही वाट योग्य बाजूस आहे. तिसऱ्या रांगेत मध्यम उंचीची प्रौढ व्यक्ती तास-दीड तास विनातक्रार बसू शकते. माझ्या मते या किमतीत हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

महिंद्राची गाडी ४,७३७ मिलिमीटर लांब आणि १,९०० मिलिमीटर रुंद आहे. दुसऱ्या रांगेत ती खरोखर ऐसपैस आहे. तिथे तीन प्रौढ आरामात मावतात आणि पायांखालची जमीन सपाट असल्याने मधल्या माणसाची कुचंबणा होत नाही. मात्र तिसरी रांग मुलांची किंवा ठेंगण्या प्रौढांची आहे, असेच समजून चालावे. म्हणजे व्यवहारात ती ‘पाच मोठे आणि दोन लहान’ अशा कुटुंबाची गाडी ठरते. असे कुटुंब असेल तर ती उत्तम; सातही मोठे असतील तर नव्हे.

ईमॅक्स ७ सहा आणि सात अशा दोन्ही आसनसंख्यांत मिळते. सहा आसनी प्रकारात दुसऱ्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आणि त्यांच्यामधून मागे जाण्याची वाट आहे. ज्येष्ठांसाठी ही वाट कधी कधी उलथणाऱ्या आसनाहून सोयीची पडते, कारण आत शिरताना दोन्ही हातांना खुर्च्यांच्या पाठी धरायला मिळतात. परंतु मागे बसण्याची पद्धत तीच, पाटावरची.

मुलांचे आसन आणि अडलेली वाट

शोरूममध्ये ही गोष्ट कोणी सांगत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलासाठीचे सुरक्षा आसन गाडीच्या पक्क्या कड्यांना अडकवायचे असते आणि ही कडी सहसा दुसऱ्या रांगेत असतात. ते आसन डावीकडे बसवले, की त्याखालचे गाडीचे आसन उलथवता येत नाही, आणि तिसऱ्या रांगेची वाट बंद होते. प्रत्येक वेळी मुलाचे आसन सोडवायचे आणि पुन्हा बांधायचे, हे चार दिवसांत अंगावर येते आणि शेवटी मूल आईच्या मांडीवर जाते. ते कायद्यालाही धरून नाही (२०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा सुरक्षा आसन आवश्यक आहे) आणि अपघातात तर ते अत्यंत घातक. म्हणून मुलाचे आसन उजवीकडे, चालकाच्या मागे बसवावे आणि डावी बाजू वाटेसाठी मोकळी ठेवावी.

सुरक्षिततेचा दुसरा मुद्दा असा, की तिसऱ्या रांगेतील माणसाचे डोके मागच्या काचेपासून फार अंतरावर नसते. तेव्हा डोक्याचा आधार पुरेसा वर येतो का, पट्टा तीन बिंदूंचा आहे का आणि बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगा तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, हे तिन्ही प्रश्न विक्रेत्याला नेमके विचारावेत. ‘सहा एअरबॅगा आहेत’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत प्रौढांचे आणि मुलांचे गुण वेगवेगळे दिले जातात. कुटुंबासाठी गाडी घेताना मुलांचे गुण आधी वाचावेत.

तांदळाचा कट्टा कुठे ठेवायचा?

मंडईहून परतताना कोणीही रिकाम्या हाताने परतत नाही. नव्या तांदळाचा कट्टा, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांपैकी एखादे, पापडांचे डबे हे सारे सामानात असतेच. सातही आसने भरलेली असताना सामानाची जागा पाहिली, की जाहिरातीतले मोठे आकडे विरघळून जातात. कियात तिसऱ्या रांगेमागे २१६ लिटर, बीवायडीत १८० लिटर जागा उरते. म्हणजे पंचवीस किलोचा एक कट्टा आणि दोन-तीन मऊ पिशव्या. चाकांची मोठी बॅग आडवी ठेवण्याचा प्रश्नच नाही. येथे महिंद्राला एक खरा फायदा मिळतो. तिची मोटर मागच्या आसावर असल्याने पुढे, जिथे एरवी इंजिन असते तिथे, १५० लिटरची पेटी मिळते. कियाची अशी पेटी २५ लिटरची आहे. तीत चार्जिंगची केबल आणि फार तर चपलांचा एक जोड.

छतावर सामान बांधण्याचा जुना उपाय विजेच्या गाडीला मानवत नाही. वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि पल्ला लक्षणीय घटतो. त्यापेक्षा तिसऱ्या रांगेचा अर्धा भाग दुमडून सहा जणांनी जावे, हे बरे.

कागदावरचा पल्ला आणि समृद्धीवरचा पल्ला

आता त्या बहुचर्चित आकड्यांकडे वळू. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत, म्हणजे आपल्या वीजबिलातील युनिटांत मोजतात. कियात ४२ आणि ५१.४ युनिटांचे दोन पर्याय असून त्यांचा प्रमाणित पल्ला अनुक्रमे ४०४ आणि ४९० किलोमीटर आहे. महिंद्राच्या ५९, ७० आणि ७९ युनिटांच्या बॅटऱ्यांसाठी तो ५२१, ६०० आणि ६७९ किलोमीटर सांगितला आहे. बीवायडीच्या ५५.४ आणि ७१.८ युनिटांसाठी ४२० आणि ५३० किलोमीटर, पण हा आकडा वेगळ्या, युरोपातील जुन्या चाचणीपद्धतीचा असल्याने त्याची आधीच्यांशी थेट तुलना करू नये.

हे आकडे खोटे नाहीत. ते प्रयोगशाळेतले आहेत. नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागले, की परिस्थिती बदलते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला आहे आणि सपाट भागात त्यावर ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. सात माणसांचे साडेचारशे किलो वजन पल्ला जितका कमी करते, त्याहून कितीतरी अधिक तो हा वेग कमी करतो. वजनाने खर्चलेली ऊर्जा वेग कमी करताना काही अंशी बॅटरीत परत येते. वाऱ्याशी झुंजण्यात गेलेली कधीच परत येत नाही.

कारध्याहून पुण्यास जायचे तर साडेसातशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते. गाडी भरलेली, वातानुकूलन चालू आणि वेग ताशी शंभरच्या आसपास धरला, तर माझ्या अंदाजाने कियाला शंभर किलोमीटरमागे १८ आणि अधिक रुंद, जड अशा महिंद्राला २० युनिटे लागतील. निघताना पूर्ण चार्ज आणि पुढे दर वेळी दहा ते ऐंशी टक्के असे भरत गेल्यास, ५१.४ युनिटांच्या कियाला पहिला थांबा सुमारे २४० किलोमीटरवर आणि नंतर दर २०० किलोमीटरवर घ्यावा लागेल, म्हणजे एकूण तीन थांबे. ७९ युनिटांच्या महिंद्राचे दोन थांब्यांत भागेल. ४२ युनिटांची किया या मार्गावर चार वेळा थांबेल. ती गावाची आणि शहराची गाडी आहे, एवढे ध्यानात घेऊन तिच्यावर अन्याय करू नये.

थांबा किती वेळाचा, हे मात्र गाडीपेक्षा चार्जरवर अवलंबून असते. १८० किलोवॅटच्या चार्जरवर वीस ते ऐंशी टक्के वीस मिनिटांत, असा महिंद्राचा दावा आहे. किया १०० किलोवॅटच्या चार्जरवर दहा ते ऐंशी टक्क्यांसाठी ३९ मिनिटे सांगते. हायवेवर प्रत्यक्षात भेटणारे चार्जर बहुधा ३० किंवा ६० किलोवॅटचे असतात. ६० वर महिंद्राच्या मोठ्या बॅटरीला तासभर, ३० वर दोन तास. लहान बॅटरीची गाडी अधिक वेळा थांबते खरी, पण कमी शक्तीच्या चार्जरवर दर वेळी लवकर सुटते. पुढे आधीच दोन गाड्या रांगेत असतील तर हे सारे गणित कोलमडते. नागपूरकरांना हे नवे नाही. २६ मे २०१७ रोजी ओलाच्या विद्युत टॅक्सींचा देशातील पहिला मोठा प्रयोग याच शहरात सुरू झाला आणि चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगांना कंटाळून अनेक चालकांनी गाड्या परत केल्या. गाड्या तेव्हापासून फार सुधारल्या; रांगेचा स्वभाव तोच आहे.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. त्याच धोरणाने समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली. समृद्धीवर एप्रिल २०२५ पासून मोटारींना किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे असा दर होता, तेव्हा पूर्ण मार्गावर चौदाशेहून अधिक रुपये वाचतात. नागपूर-भंडारा-रायपूर हा मात्र राष्ट्रीय महामार्ग आहे आणि राज्याची ही सवलत तेथे लागू नाही.

गावचा मीटर

गावी पोहोचल्यावर गाडी कुठे जोडणार? साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तासाला सुमारे तीन युनिटे भरतात. रात्रीच्या दहा तासांत तीस, म्हणजे दीडशे-एकशे साठ किलोमीटरचा प्रवास. नागपूरला जाऊन येण्यास तेवढे पुरते. मोठी बॅटरी शून्यावरून पूर्ण भरायची तर या प्लगवर एक दिवस आणि वर काही तास लागतील. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवल्यास ५१.४ युनिटांना सुमारे आठ तास आणि ७९ युनिटांना बारा तासांच्या आसपास लागतात; पण त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरते असते. ते तपासल्याशिवाय गाडी जोडूच नये. बहुतेक गाड्या सदोष अर्थिंगवर चार्ज होण्यास नकार देतात, आणि तो नकार गाडीतील बिघाड समजून लोक सर्व्हिस सेंटरला फोन करीत बसतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा चार्जिंगही मंदावते. रात्री अकरानंतर जोडणे बरे.

घरची वीज युनिटामागे दहा रुपये धरली, तरी शंभर किलोमीटरला १८० ते २०० रुपये होतात. तेवढ्याच अंतराला डिझेलच्या सात आसनी गाडीला, लिटरमागे तेरा किलोमीटर धरून, सुमारे ७०० रुपये लागतील. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धावणाऱ्या आणि बहुतांशी घरीच चार्ज होणाऱ्या गाडीचे पंचाहत्तर हजार रुपये यातून वाचतात. वर्षाला पाच हजार किलोमीटरच धावणाऱ्याने निव्वळ बचतीसाठी ही गाडी घेऊ नये.

ऊन आणि पूर

विदर्भातला मे महिना हा बॅटरीपेक्षा मागच्या रांगेतल्या माणसांची अधिक परीक्षा घेतो. पंचेचाळीस अंशांत उभी राहिलेली गाडी थंड करण्यास सुरुवातीची दहा मिनिटे बरीच वीज लागते. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच मोबाइलवरून वातानुकूलन सुरू करून ठेवले, तर ती वीज घरच्या मीटरवरून जाते, बॅटरीतून नव्हे. महिंद्रा आणि बीवायडी यांच्या बॅटऱ्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या आहेत. ही जात उष्णतेत तुलनेने शांत राहते आणि वरचेवर पूर्ण भरलेलीही तिला चालते.

पावसाळ्याचा प्रश्न कारध्यात अधिक गंभीर. येथील वैनगंगेची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे आणि ती ओलांडल्याची बातमी भंडाऱ्याच्या वाचकांना अपरिचित नाही. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून पाणी सोडल्यावर आलेला पूर अनेकांना आजही आठवतो. अशा ठिकाणी ‘बॅटरीला आयपी ६७ दर्जा आहे, पाण्याची चिंता नको’ हे वाक्य जपून ऐकावे. या दर्जाचा अर्थ एवढाच, की नवी, न उघडलेली बॅटरीपेटी एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी शिरत नाही. वाहत्या पाण्यात गाडी नेण्याचा तो परवाना नव्हे. बॅटरी कोरडी राहील, पण गाडी प्रवाहासोबत सरकेल. जमिनीपासूनची उंची कियाची २०० आणि बीवायडीची १७० मिलिमीटर आहे. हा तीस मिलिमीटरांचा फरक पुरात कामाचा नाही. सात माणसे बसल्यावर गाडी खाली दबते, तेव्हा गावच्या गतिरोधकांवर मात्र तो प्रत्येक वेळी जाणवतो.

मग कोणती?

भंडारा-नागपूर हीच ज्यांची मुख्य ये-जा आहे आणि घरातील ज्येष्ठांना वरचेवर मागे बसावे लागते, त्यांनी ५१.४ युनिटांची किया पाहावी. पुण्या-मुंबईहून वर्षातून तीन-चार वेळा गावी येणाऱ्या, शाळकरी मुलांच्या कुटुंबास ७० किंवा ७९ युनिटांची महिंद्रा अधिक मानवेल. मात्र तिची १,९०० मिलिमीटर रुंदी सोसायटीच्या वाहनतळात आधी मापून घ्यावी. ईमॅक्स ७ ही गुणी गाडी आहे, पण तिची सुरुवातीची किंमतच कियाच्या सर्वांत महाग प्रकाराहून वर जाते. सहा आसनी मांडणीच हवी असेल आणि सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात असेल, तरच तिचा विचार करावा. त्यापुढची एमजी एम ९ जुलै २०२५ मध्ये ६९ लाख ९० हजारांना आली. कियाचीच ईव्ही ९ एक कोटी तीस लाखांना आणि चाकणला जुळणी होणारी मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही एक कोटी एकेचाळीस लाखांना २०२४ मध्ये दाखल झाली. त्यांचा ग्राहक हा लेख वाचून गाडी ठरवणार नाही.

आणि ज्यांच्या घरी स्वतःची चार्जिंगची जागा नाही, सातही प्रौढ वरचेवर एकत्र दूर जातात, त्यांनी आणखी काही वर्षे डिझेलवर काढली तर त्यांना मागासलेले म्हणण्याचे कारण नाही.

चाचणी फेरीला मात्र घरातल्या सर्वांनी जावे. विक्रेता आपणास चालकाच्या आसनावर बसवील. आपण आजींना डाव्या दाराने मागे शिरू द्यावे, तिथे त्यांना वीस मिनिटे बसवावे आणि कोणी हात न देता उतरता येते का ते पाहावे. सोबत घरची एक मोठी बॅग न्यावी. सातही आसने उघडी ठेवून ती मागे मावते का, हे विक्रेत्यालाच करून दाखवायला सांगावे.